साम्राज्याने जपले, स्वराज्य विसरले

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे लष्करी सेन्सॉर उघडून वाचीत असे. सरकारला काळजी होती ती असंतोषाची, शिपायाच्या सुखदुःखाची नव्हे! तरीही त्या पत्रांचे इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज सुरक्षित आहेत. 29 एप्रिल 1916 रोजी कूत येथे शरण गेलेल्या फौजेत 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या घरच्यांनी सोसलेल्या प्रतीक्षेची नोंद कोणी ठेवली? तारसेवाही जुलै 2013 मध्ये बंद झाली. मोडनिंबसारख्या गावी जुन्या ट्रंकेत रणांगणावरचे पत्र वा तार उरली असेल, तर कुटुंबाच्या संमतीने ग्रामपंचायतीने व वाचनालयाने तिची नक्कल जतन करावी. साम्राज्याने भीतीपोटी जे जपले, ते स्वराज्याने कृतज्ञतेपोटी जपावयास नको काय?