‘रॅम वाढवा’ हे उत्तर नाही

“आता असेंब्ली कशाला शिकायची? कंपायलर आहे, क्लाउड आहे, कोड लिहायला एआय आहे.” आमच्या क्षेत्रात हे शहाणपण म्हणून खपतं. मला तो आळस वाटतो. आणि त्याचं बिल दुसराच कुणीतरी भरतो.

साधं उदाहरण घ्या. सी भाषेत ४००० ओळी आणि ४००० स्तंभांचा इंटिजरचा अ‍ॅरे आहे. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आहे. ओळीओळीने करा नाहीतर स्तंभास्तंभाने, आकडे तेच १ कोटी ६० लाख. बिग-ओ दोन्हींना सारखेच मार्क देतो. प्रत्यक्षात मात्र दुसरा प्रोग्रॅम कित्येक पट हळू चालू शकतो. सी हा अ‍ॅरे मेमरीत ओळीओळीने ठेवते. आणि प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये तो ६४ बाइटचा तुकडा उचलून कॅशमध्ये ठेवतो. म्हणजे चार बाइटचे १६ आकडे. ओळीने गेलात तर सोळाही लगेच कामी येतात. स्तंभाने गेलात तर त्यातला एकच वापरता, आणि उरलेल्या पंधरांची पाळी येईपर्यंत ते सर्वांत जवळच्या कॅशमधून बहुधा हाकलले गेलेले असतात. एकेका मिरचीसाठी मंडईत खेप घालावी, तसं.

हे एआय सांगेल? विचारलंत तर सांगेल. पण विचारण्याआधी काहीतरी खटकावं लागतं, आणि खटकण्यासाठी खाली काय चाललंय ते ठाऊक असावं लागतं.

दोष एकट्या मुलांचा नाही. इंजिनिअरिंगला आम्ही ८०८५ च्या ४० पिनांची आकृती पाठ केली. चिप १९७६ ची म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. शिकायला ती उत्तमच: अ‍ॅड्रेस १६ बिटचा, म्हणून मेमरी ६४ केबी. सगळं डोक्यात मावतं. पण परीक्षेत आकृतीला मार्क होते, त्या ‘म्हणून’ला नव्हते.

आता बिलाचं. आमच्या टेबलावर ३२ जीबीचा लॅपटॉप असतो. वापरणाऱ्याच्या हातात ३ जीबीचा जुना फोन. आमचं अ‍ॅप अडकलं की तो आम्हाला शिव्या देत नाही. “फोन जुना झाला,” म्हणतो आणि नव्याचे हप्ते सुरू करतो.

सगळ्यांनी असेंब्लीत अ‍ॅप लिहावं, असं माझं म्हणणं नाही. या रविवारी ते दोन लूप लिहा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून वेळ मोजा. मग कंपायलरने बनवलेली असेंब्ली उघडून वाचा. मशीन चालवण्याचा पगार आपण घेतो. ते समजून घेण्याचं काम वापरणाऱ्याच्या खिशावर ढकलू नका.