अंगातली कसर

"भावजी, काही नाही हो, यांच्या अंगात जरा कसर आहे," वहिनी दारात येऊन सांगून गेल्या. गेल्या वर्षी सोमेश्वरनगरला कारखान्याचा बॉयलर पेटला, त्या आठवड्यातली ही गोष्ट.

आम्हां मराठीच्या मास्तरांना शब्दांचा भारी नाद. कसर म्हणजे उणेपणा, कसर म्हणजे पुस्तकाला लागणारी कीड, आणि कसर म्हणजे हाताला धड न लागणारा ताप. तीनही अर्थ दादांच्या अंगी एकवटले होते, हे मला फार उशिरा कळले.

दादांना वहिनींचे मूत्रपिंड बसवलेले आहे. शरीराने ते झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात. पहारेकऱ्यालाच गुंगी दिल्यासारखे! मग चोर शिरला तरी आरडाओरडा होत नाही. ताप फारसा चढतच नाही. मी शहाणपणा केला. दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या, दोन दिवस दिल्या. कसर उतरली, पाचव्या दिवशी परतली ती धाप घेऊनच.

पुण्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळ्या कोणी दिल्या?"

हिरड्यांतून, कातडीवरच्या जखमेतून किंवा सलाईनच्या नळीवाटे जंतू रक्तात शिरतात आणि हृदयाच्या आतल्या अस्तरावर, बहुधा एखाद्या झडपेवर, ठाण मांडतात. तेथे त्यांचा पुंजका वाढतो; त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. जंतू कोणता हे कळावे म्हणून औषध देण्याआधी दोनतीनदा रक्त काढून त्यात काय उगवते ते पाहतात. माझ्या गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, दडून बसले होते. पहिल्या नमुन्यांत काहीच उगवले नाही. अन्ननलिकेत नळी घालून हृदयाची तपासणी केली तेव्हा झडपेवरचा पुंजका दिसला. जंतूचे नाव पुढच्या नमुन्यात सापडले.

संगीतकार माहलर १९११ साली याच दुखण्याने गेला. त्याच्याही रक्तात जंतू सापडले होते, पण पेनिसिलीन निघायचे होते. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. असो. दादांना सहा आठवडे शिरेतून औषध चालले. त्यातली काही औषधे मूत्रपिंडालाच बाधणारी, म्हणून रक्त तपासून मात्रा ठरे.

दादा घरी आले. झडप थोडी गळते. मिशेरी सुटली. उरलेल्या गोळ्यांची पट्टी माझ्या सदऱ्याच्या खिशातून वहिनींनीच काढून घेतली होती. त्यावरून त्या मला आजवर एक शब्दही बोललेल्या नाहीत.