तुला काय कळतंय, म्हातारे?

शहरातल्या पांढरपेशा म्हाताऱ्यांची एक तक्रार ऐकली. डॉक्टर त्यांच्याशी लहान पोरागत बोलतात म्हणे. 'आजोबा, गोळी घेतली ना? शहाणे!' बोलतात, खरंय. पण तुम्हाला निदान 'तुम्ही' तरी मिळतं, तेही साठी-सत्तरी गाठल्यावर. आमच्या बीडात म्हातारपण पस्तिशीच्या आत येतं आणि ते डॉक्टर देतो.

आई तेहतीसची होती. मी आठवीत. ऊसतोडीवरून आली ती पोट धरूनच. फडात आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही, एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड कापणार. अंगावरून पांढरं जात होतं, एवढंच. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्याकडं न बघता बापाला सांगितलं, "पिशवी काढून टाका, नायतर कॅन्सर होईल. दोन पोरं झाली, आता काय करायचीय ती?" आई म्हणाली, "गोळ्या-औषधानं नाही का भागायचं?"

"तुला काय कळतंय, म्हातारे?"

तेहतीस! त्या वयात डॉक्टरलोकांच्या घरात पहिलं बाळंतपण असतं. अंगठा घेतला, मुकादमाच्या उचलीतून पैसे भरले. पिशवीबरोबर अंडाशय काढलं तर बाईची हाडं लवकर ठिसूळ होतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिचं काय काय काढलं, हेही नाही. आज शेहेचाळिशीत ती भिंत धरून उठते.

ती एकटी नाही. 2019 साली नीलम गोऱ्हे समितीसमोर आकडा आला : बीडच्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. सहातली एक. एवढा कॅन्सर एका जिल्ह्याच्या वाट्याला कसा आला, हे विचारायला समिती यावी लागली? मग खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायला लावली. नवऱ्याला विचारत होते, मुकादमाला विचारत होते, आता सिव्हिल सर्जनलाही विचारतात. बाईला कोण विचारतं?

आणि आपणही साले शहाणेच. मी मॅट्रिक झालो, गोदीत लागलो, कविता करतो. गेल्या साली तिच्या गुडघ्यासाठी बरोबर गेलो तर डॉक्टर माझ्याशीच बोलला. मीही साहेबागत मान डोलवत बसलो. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मला काय झालंय ते मलाबी सांग की रं."

दसरा झाला की कोयते निघतील. त्याआधी मी गावी जाणार आहे. तिची फाईल घेऊन त्याच दवाखान्यात जायचं आहे. खुर्चीत आई बसेल, मी दारात उभा राहीन. त्यात काय लिहिलंय, ते डॉक्टरनं तिला मराठीत वाचून दाखवायचं. 'अहो बाई' म्हणून.