पहिली रायफल आणि तिचे कुलूप

अमेरिकेच्या ग्रामीण भागात मुलाला पहिली रायफल मिळणे हा आपल्याकडे पहिली सायकल मिळण्यासारखाच कौटुंबिक प्रसंग मानला जातो. हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो, मागोमाग नाताळ येतो, आणि कोणत्या बनावटीची रायफल घ्यावी, तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी, या चर्चेत आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर रंगून जाते. बंदूक ही पोलिसाच्या नाही तर दरोडेखोराच्या हाती असावयाची वस्तू, अशा समजुतीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे दृश्य चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या देशात आपली मुले शिकावयास जातात आणि ज्या देशातील शाळांत मराठी कुटुंबांची नातवंडे बसतात, तेथील या खरेदीचा हिशेब आपल्याला अगदीच परका मानता येणार नाही.

‘क्रीडा रायफल’ म्हटले की आपल्याला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळविले, ते ज्या प्रकारात, त्या प्रकारातील रायफलीत प्रत्येक वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागते. अमेरिकन दुकानात ‘स्पोर्टिंग रायफल’ या नावाने विकली जाणारी अर्ध-स्वयंचलित रायफल ही निराळी वस्तू आहे. एका गोळीच्या स्फोटातून निर्माण झालेली शक्तीच रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि नवे नळीत चढविते; नेमबाजाने फक्त पुन्हा चाप ओढावयाचा. प्रत्येक ओढीस एकच गोळी सुटते, म्हणून ती ‘अर्ध’-स्वयंचलित.

योगायोग असा की, या वर्गातील दोन सर्वांत प्रसिद्ध रायफली १९६४ मध्येच सामान्य ग्राहकासमोर आल्या. एक रुगर कंपनीची ‘१०/२२’ : लहान .२२ काडतुसाची, दहा काडतुसांचे मॅगझिन दस्त्यातच लपविणारी, दिसावयास साधीसुधी. दुसरी कोल्टची ‘एआर-१५ स्पोर्टर’, म्हणजे व्हिएतनामच्या युद्धात ‘एम-१६’ या नावाने गाजलेल्या सैनिकी रायफलीची नागरी बहीण. यातील ‘एआर’ ही अक्षरे मूळ आरेखन करणाऱ्या आर्मालाइट कंपनीच्या नावाची आहेत. दोन्ही बाजूंच्या वादात ती पुष्कळदा भलत्याच अर्थाने वापरली जातात. १९७७ मध्ये या यंत्रणेच्या मुख्य एकस्वाची मुदत संपली आणि कोणालाही ती बनविण्याची मुभा मिळाली. प्रारंभी विक्री मंदच होती. या शतकात मात्र ती झपाट्याने वाढली आणि २००९ मध्ये शस्त्रव्यवसायाच्या संघटनेने या वर्गाचे ‘आधुनिक क्रीडा रायफल’ असे नामकरण केले. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार अशा रायफलींची संख्या आज दोन कोटींवर गेली आहे. बारसे विक्रेत्याने केले, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता पहिल्यांदाच रायफल घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहू. त्याला नेमबाजी शिकावयाची आहे, असे समजू. साधी .२२ रायफल तीन-चारशे डॉलरला मिळते आणि एआर प्रकारातील साधारण रायफल त्याच्या दुपटीच्या आसपास. एवढाच फरक असता तर विचार करण्यासारखे फारसे नव्हते. परंतु रायफल ही एकदाच होणारी खरेदी आहे आणि काडतूस ही नित्याची. .२२ चे एक काडतूस सात-आठ सेंटना पडते, तर एआरमध्ये सामान्यतः वापरले जाणारे .२२३ चे काडतूस चाळीस-पन्नास सेंटना. महिन्यातून एकदा मैदानावर जाऊन दोनशे गोळ्या झाडणाऱ्याला पहिल्या रायफलीपायी वर्षाला दोनशे डॉलरच्या आत खर्च येतो, दुसरीपायी हजार-बाराशे. अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय .२२ ला धक्का नगण्य, आवाज कमी. त्यामुळे नवशिक्याला चाप ओढताना डोळे मिटण्याची खोड लागत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक सहसा हीच रायफल आधी हाती देतात. काटकसर आणि शिक्षण यांचा सल्ला येथे एकच आहे.

बाजाराचा सल्ला निराळा असतो. एआरच्या नळीभोवती खाचांची एक पट्टी असते आणि ती पट्टी हेच खरे दुकान आहे. तिच्यावर दुर्बीण बसते, लाल ठिपका दाखविणारे नेमयंत्र बसते, विजेरी बसते, पुढची मूठ बसते. मागचा दस्ता बदलता येतो, चाप बदलता येतो, नळीसुद्धा बदलता येते. कायद्याच्या दृष्टीने ‘रायफल’ म्हणजे या साऱ्यांतला एकच भाग : चाप आणि मॅगझिन ज्यात बसते तो अनुक्रमांक कोरलेला खालचा सांगाडा. तेवढा परवानाधारक विक्रेत्याकडून, ग्राहकाची पार्श्वभूमी तपासून घ्यावा लागतो. उरलेले बहुतेक सारे भाग संघराज्याच्या कायद्यानुसार टपालाने घरपोच मागविता येतात. त्यामुळे ‘पहिली रायफल’ हा सौदा पूर्ण होतच नाही. ग्राहक जन्मभर ती सजवीत राहतो. यात गैर काही नाही, छायाचित्रणाच्या शौकिनांचेही असेच असते. फक्त या यादीत काय येते आणि काय येत नाही, याकडे लक्ष वेधावयाचे आहे. कानांवरची आवरणे आणि डोळ्यांवरचा चष्मा या अगदी स्वस्त आणि अगदी आवश्यक वस्तू यादीच्या तळाशी असतात. तिजोरी किंवा कुलूप पुष्कळदा नसतेच.

कायद्याचेही डोळे बराच काळ सजावटीवरच खिळलेले होते. १९९४ च्या बंदीने काढून लावता येणाऱ्या मॅगझिनची रायफल ‘हल्ल्याचे शस्त्र’ ठरविली, ती तिच्यावर स्वतंत्र मूठ, ज्वालाशामक, संगीन अडकविण्याची खोबण अशांपैकी दोन गोष्टी असल्या तर. उत्पादकांनी खोबण आणि ज्वालाशामक काढून टाकले आणि तीच यंत्रणा विकणे चालू ठेवले. संगिनीने एखादी शाळा हादरल्याचे कोणी ऐकले नव्हते! दहापेक्षा अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनांवरील मर्यादा अधिक अर्थपूर्ण होती, पण २००४ मध्ये मुदत संपताच सारी बंदीच गेली. बदकांच्या शिकारीत मात्र बंदुकीत तीनच काडतुसे राहतील अशी व्यवस्था संघराज्याच्या नियमांनी सक्तीची केली आहे, आणि ती आजही आहे.

अशीच विसंगती वयाची आहे. १९६८ च्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यास २१ वर्षांची अट घातली, रायफलीस १८ ची. कारण रायफल म्हणजे शेताची आणि शिकारीची वस्तू, ही त्या वेळची धारणा. टेक्ससमधील युव्हाल्डी येथे २०२२ च्या मे महिन्यात अठरावा वाढदिवस होताच एका तरुणाने एआर प्रकारातील दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या आणि आठवडाभरात प्राथमिक शाळेतील १९ मुले व दोन शिक्षिका यांचे प्राण घेतले. त्याच वर्षीच्या कायद्याने २१ वर्षांखालील ग्राहकाच्या अल्पवयातील नोंदीही तपासण्याची तरतूद केली. परंतु ४ सप्टेंबर २०२४ रोजी जॉर्जियातील अपालाची हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले, तेव्हा आरोपी चौदा वर्षांचा होता. ती रायफल त्याला वडिलांनी नाताळची भेट म्हणून दिली होती, असे तपास अधिकाऱ्यांनी सांगितले. वडिलांवरही आरोप ठेवण्यात आले. दुकानाच्या गल्ल्यावरची कोणतीही तपासणी अशा भेटीपर्यंत पोहोचत नाही.

यावर रायफलधारकांचे म्हणणे ऐकले पाहिजे. अमेरिकेतील बंदुकीच्या खुनांत बहुतांश वाटा पिस्तुलाचा असतो, रायफलीचा अल्प. कोट्यवधी रायफली कोणालाही इजा न करता पडून असतात. स्वसंरक्षणासाठी ठेवलेले शस्त्र कुलपात असेल तर वेळेला उपयोगी पडणार नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसऱ्याचे उत्तर असे की, नेमबाजी शिकण्यासाठी घेतलेल्या पहिल्या रायफलीला तो आक्षेप लागूच पडत नाही. तिला मैदानापर्यंत जावयाचे असते आणि परत यावयाचे असते. मधल्या काळात ती कुलपात राहिल्याने धारकाचे काहीएक बिघडत नाही. उलट कुलूप नसल्याची किंमत तो भरत नाही. ती घरातले मूल भरते, शेजारी भरतो, वर्गावर उभा असलेला शिक्षक भरतो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असेल तर बाजार ती वस्तू पुरेशी विकत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते.

मॅसॅच्युसेट्सने कुलपाची सक्ती १९९८ मध्येच केली. मुले असलेल्या घरांसाठी मिशिगनने ती २०२४ च्या फेब्रुवारीपासून केली. अनेक राज्ये सक्तीचे नाव काढू देत नाहीत. तेथे कर हे साधन उरते, आणि ते अमेरिकेला नवे नाही. अनेक दशकांपासून रायफली व काडतुसांवर उत्पादकाकडून ११ टक्के कर घेतला जातो आणि तो वन्यजीवांच्या संवर्धनासाठी व शिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राज्यांना वाटला जातो. शस्त्रधारकांनीही या कराचा अभिमान बाळगला आहे. याच शिक्षणामुळे जवळजवळ सर्व राज्यांत नव्या शिकाऱ्याला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. रायफल विकत घेण्यासाठी मात्र संघराज्याचा कायदा असा एक तासही मागत नाही. त्या निधीतील थोडा अंश कुलपांसाठी राखून ठेवता आला तर पहिल्या रायफलीसोबत लहान तिजोरी जवळजवळ फुकट देता येईल.

प्रत्यक्षात दोन वाटा दिसतात. टेनेसी हे शस्त्रांबाबत उदार राज्य. त्यानेही २०२३ मध्ये बंदुकीच्या तिजोऱ्यांवरील विक्रीकर माफ केला. दुसरीकडे १९३४ च्या कायद्याने आवाज दाबणाऱ्या नळ्या आणि आखूड नळीच्या रायफली यांवर दोनशे डॉलरचा कर बसविला होता. तेव्हा ती कामगाराची दोन-अडीच महिन्यांची मजुरी होती. आकडा कधीच बदलला नाही, महागाईने तो झिजत गेला, आणि २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आणला. नोंदणी तेवढी राहिली. विक्रीकर असलेल्या बहुतेक राज्यांत मात्र पहिल्या रायफलीसाठी तिजोरी घेणारा बाप अजूनही तिच्यावर पुरा कर भरतो.