टोपी, पगडी आणि फेटा : डोक्यावरचे राजकारण

सत्कारात कोणती पगडी घालायची, यावरून महाराष्ट्रात वाद पेटतात. प्रचाराचा हंगाम आला की रंगीबेरंगी टोप्यांचे गठ्ठे उतरू लागतात. डोक्यावरच्या या कापडात एवढे आहे तरी काय?

१० जून २०१८ रोजी पुण्यात झालेल्या मेळाव्यात शरद पवार यांनी आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना एक सूचना केली. यापुढे पक्षाच्या कार्यक्रमांत सत्कारासाठी पुणेरी पगडी नव्हे, तर महात्मा फुले यांची पगडी वापरावी, अशी ती सूचना होती. महिनाभरापूर्वीच जामिनावर बाहेर आलेले छगन भुजबळ व्यासपीठावर होते आणि फुले पगडी त्यांच्या डोक्यावर चढली. मेळाव्यातील बाकीची भाषणे मागे पडली. चर्चा उरली ती पगडीचीच. कोणी त्यात सामाजिक न्यायाचा उद्‌घोष पाहिला, तर कोणी जातीचे राजकारण. पुढे जुलै २०२३ मध्ये तो पक्ष दुभंगला आणि भुजबळ अजित पवार यांच्यासमवेत सत्तेत गेले. पगडीचा वाद मात्र संपला नाही.

हा वाद केवळ क्षुल्लक म्हणून झटकून टाकता येणार नाही. डोके हा शरीराचा सर्वांत मानाचा भाग, अशी आपल्याकडची धारणा. त्यामुळे डोक्यावर काय आहे आणि ते कोणी ठेवले, या दोन्ही गोष्टींना अर्थ चिकटतो. मराठी भाषाच याला साक्षी आहे. फसवणाऱ्याने 'टोपी घातली' असे आपण म्हणतो, शब्द फिरवणाऱ्याने 'टोपी फिरवली' असे म्हणतो, आणि थट्टा करायची तर 'टोपी उडवतो'. मुंबईतल्या जुन्या चाळीत खोली घेताना घरमालकाच्या हाती जी रक्कम ठेवावी लागे, तिचे नावही 'पगडी'च. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला अधिकृत मान्यताही देऊन टाकली.

पगडीने सांगितली ती जात

एकोणिसाव्या शतकातील मुंबई-पुण्यात घराबाहेर बोडक्या डोक्याने फिरणे असभ्यपणाचे मानले जाई. डोक्यावरचे वस्त्र पाहून समोरचा माणूस कोणत्या ज्ञातीचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या पेशाचा हे ओळखता येई. पाठारे प्रभूंची पगडी वेगळी, पारशांची वेगळी, भाटियांची वेगळी. शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी अशी संस्थानांच्या नावांनी ओळखली जाणारी पगड्यांची घराणी तर आजही सांगितली जातात. पगडी ही पगडबंदाने बांधून, टाचून तयार केलेली वस्तू; ती उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. फेटा, पटका किंवा पागोटे हे मात्र दर वेळी डोक्यावर गुंडाळून बांधायचे. एकीमागे कारागिराचे हात, तर दुसऱ्यामागे बांधणाऱ्याची सवय, असा हा फरक.

आज 'पुणेरी' म्हणून ओळखली जाणारी पगडी न्यायमूर्ती रानडे यांच्या डोक्यावर होती, गोखले यांच्या होती, आगरकरांच्या होती आणि टिळकांच्याही होती. यांतले मवाळ कोण, जहाल कोण, सामाजिक सुधारणा आधी म्हणणारा कोण आणि राजकीय स्वातंत्र्य आधी म्हणणारा कोण, हे पगडीवरून मुळीच कळत नसे. टिळक आणि आगरकर यांच्यात वाद विकोपाला गेले, पण दोघांच्या डोक्यावरचे वस्त्र एकाच घडणीचे राहिले. पगडी सांगत होती ती माणसाची मते नव्हेत, तर त्याचे सामाजिक स्थान.

नेमकी हीच गोष्ट फुले यांचे पागोटे आणि शाहू महाराजांचा फेटा यांना आजच्या राजकारणात प्रतीकाचे बळ देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तर या उतरंडीतले काहीच स्वीकारले नाही. सूट आणि फेल्ट हॅट हा त्यांचा वेष होता. जन्माने नेमून दिलेली पायरी वेषातूनही नाकारण्याचा हा मार्ग होता. त्यामुळे 'पगडी बदला' या मागणीमागे एक खरा प्रश्न उभा आहे : समाजाचा सन्मान करण्याचे चिन्ह ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. एका ज्ञातीच्या वापरातली वस्तू त्यामुळे कागदोपत्री एका शहराची ओळख ठरली. परंतु शहराची ओळख सर्वांनाच आपली वाटते असे नाही, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जानेवारी २०१९ मधील पदवीप्रदान समारंभात दिसले. इंग्रजी अमदानीतला काळा झगा आणि चौकोनी टोपी बाजूला सारून विद्यापीठाने भारतीय पोषाख आणला, तेव्हा सोबत पुणेरी पगडी आली. सावित्रीबाईंचे नाव लावणाऱ्या विद्यापीठात जोतीरावांची पगडी का नाही, असा सवाल विद्यार्थ्यांनी केला. वसाहतवादाचे चिन्ह उतरवणे सोपे होते. त्या जागी 'आपले' म्हणून काय ठेवायचे, हे ठरवणे अवघड निघाले.

गांधींनी न वापरलेली गांधी टोपी

या पार्श्वभूमीवर गांधी टोपीचे महत्त्व लक्षात येते. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ मध्ये परतलेल्या गांधींच्या डोक्यावर काठियावाडी फेटा होता. टोपीचा विचार त्यांनी पुढे कसा केला, याची हकीकत काकासाहेब कालेलकर यांनी सांगून ठेवली आहे. निरनिराळ्या प्रांतांतील शिरोवस्त्रे गांधींनी पाहिली. फेट्याला कापड फार लागते. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला. घडी घालून ती खिशात ठेवता येते. कापड खादीचे घेतले आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर मळ दिसतो आणि मळ दिसला की टोपी धुवावी लागते. सौंदर्यापेक्षा हिशेब आणि स्वच्छता यांवर बेतलेले हे वस्त्र होते.

तिची खरी ताकद मात्र वेगळीच होती. ही टोपी घातलेल्या माणसाची जात ओळखता येत नव्हती. कोकणातला ब्राह्मण, साताऱ्याचा मराठा, खानदेशातला लेवा आणि मुंबईतला गिरणी कामगार एकाच टोपीखाली आले. शतकानुशतके जे वस्त्र वेगळेपण सांगत आले, ते पहिल्यांदाच सारखेपण सांगू लागले. स्वतः गांधींनी मात्र सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे टोपी-सदरा सोडून पंचा स्वीकारला. ज्या टोपीला त्यांचे नाव मिळाले, ती त्यांच्या डोक्यावर जेमतेम एक-दोन वर्षे राहिली.

त्याच काळात दुसरी टोपीही आकार घेत होती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९२५ मधील स्थापनेनंतर प्रथम खाकी टोपी घेतली आणि १९३० मध्ये ती बदलून काळी केली. २०१६ मध्ये संघाच्या गणवेशातली अर्धी चड्डी जाऊन पूर्ण विजार आली. काळी टोपी मात्र टिकली. महाराष्ट्रात दीर्घकाळ पांढरी टोपी आणि काळी टोपी एवढ्या दोन शब्दांत माणसाचे राजकारण सांगता येत असे.

स्वातंत्र्यानंतर पांढऱ्या टोपीचे भाग्य पालटले. त्यागाचे चिन्ह सत्तेचे चिन्ह झाले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्या पिढीच्या डोक्यावर ती स्वाभाविक दिसे. पण तिच्या आडून मते, परवाने आणि पदे मिळवणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तसतशी ती चित्रपटांतील आणि व्यंगचित्रांतील ढोंगी पुढाऱ्याची खूण बनली. १९७८ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झालेले शरद पवार एरवी बोडक्या डोक्यानेच वावरले. टोपीचा काळ सरल्याची ही नांदी होती.

टोपीचा फलक झाला

अस्तास गेलेली ही टोपी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर पुन्हा उगवली. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या डोक्यावर ती कायमच होती. तिथे जमलेल्या तरुणांच्या टोप्यांवर मात्र 'मी अण्णा आहे' अशा अर्थाची हिंदी अक्षरे होती. हा बदल लहान नव्हता. गांधींच्या टोपीवर काही लिहिलेले नसे. तिची निःशब्दता हाच तिचा संदेश होता. २०११ नंतर टोपी हा फलक झाला. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आम आदमी पक्षाने तीच अक्षरांकित टोपी पक्षचिन्हासारखी वापरली आणि २८ डिसेंबर २०१३ रोजी अरविंद केजरीवाल यांनी त्याच मैदानावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

इतर पक्षही मागे राहिले नाहीत. उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची लाल टोपी हे विरोधकांच्या टीकेचे लक्ष्य बनले. डिसेंबर २०२१ मध्ये गोरखपूरच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल टोपी म्हणजे धोक्याचा इशारा, अशा आशयाची टीका केली. मार्च २०२२ मध्ये अहमदाबादच्या मिरवणुकीत त्यांच्याच डोक्यावर भगवी टोपी दिसली. हिमाचल प्रदेशात तर टोपीच्या पट्टीचा रंगही पक्ष सांगू लागला : हिरवी पट्टी वीरभद्र सिंह यांच्या काँग्रेसची, तांबडी प्रेमकुमार धुमल यांच्या भाजपची. थंडीपासून संरक्षण म्हणून विणलेल्या वस्त्राची ही वाटणी होती.

नाकारलेली आणि स्वीकारलेली

घातलेल्या टोपीइतकीच न घातलेली टोपीही बोलते. सप्टेंबर २०११ मध्ये अहमदाबादेतील सद्‌भावना उपवासाच्या वेळी एका इमामांनी पुढे केलेली जाळीची टोपी गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री मोदी यांनी घातली नाही. त्या क्षणाची चर्चा अनेक वर्षे चालली. पंतप्रधान झाल्यावर स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावर दर वर्षी वेगळा फेटा, २६ जानेवारी २०२२ रोजी उत्तराखंडची ब्रह्मकमळ कोरलेली टोपी, अशी शिरोवस्त्रांची मालिकाच दिसली. कोणत्या प्रदेशाचे वस्त्र निवडले, यावरून निवडणुकांचे अंदाज बांधण्याची सवयही त्यामुळे लागली. राजकारणात टोपी ही सर्वसमावेशकतेची कसोटी मानली गेली. पण इफ्तारच्या मेजवानीत टोपी घालणाऱ्यांनी त्या समाजाच्या शिक्षणाचे आणि रोजगाराचे काय केले, हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच कोणी विचारला.

महाराष्ट्राच्या भावना किती तीव्र असू शकतात, हे १४ मे २०२४ रोजी दिसले. वाराणसीत उमेदवारी अर्ज भरण्यासाठी आलेल्या मोदी यांच्या डोक्यावर प्रफुल्ल पटेल यांनी जिरेटोप चढवला आणि राज्यात संताप उसळला. पगडी अनेकांची असू शकते. जिरेटोप म्हटले की मराठी मनासमोर एकच प्रतिमा उभी राहते, ती छत्रपती शिवाजी महाराजांची. सन्मान म्हणून दिलेली वस्तू देणाऱ्यालाच अडचणीत आणते, ती अशी. कोणाचा मान कोणाला द्यावा, याची अदृश्य रेषा समाजाने आखलेली असते. ती ओलांडली की विरोधकांना वेगळे काही करावेच लागत नाही.

टोपी कोणाच्या डोक्यावर उरली?

एवढे रामायण होत असताना रोजच्या वापरातली टोपी मात्र निमूटपणे आपल्या जागी आहे. मुंबईच्या लोकलमध्ये चढणाऱ्या डबेवाल्याच्या डोक्यावर ती आहे. आषाढीच्या वाटेवरील वारकऱ्याच्या डोक्यावर आहे. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहत उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे. विधानसभेचे उपाध्यक्ष झालेले नरहरी झिरवाळ यांच्यासारख्या मोजक्या लोकप्रतिनिधींनीही ती सोडलेली नाही. गावाकडच्या लग्नात टोपी-टॉवेलचा आहेर अजून होतो. घेणारा ती टोपी पुन्हा दुसऱ्या लग्नात देतो आणि 'याची टोपी त्याला' ही म्हण अक्षरशः खरी होते. आहेराची टोपी फिरते, ती डोक्यावर बसतेच असे नाही.

फेट्याचा प्रवास याहून बोलका आहे. जो कधी सरदाराचा मान होता, तो पंचतारांकित हॉटेलच्या दारावर गाडीचे दार उघडणाऱ्याचा गणवेश झाला. साहेबांनी आपल्या पट्टेवाल्यांना सरंजामी पोषाख चढवला, त्या प्रथेचाच हा वारसा. दुसरीकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगाव-डोंबिवलीच्या तरुणी फेटा बांधून दुचाकीवर निघतात. ज्यांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या पदर होता, त्यांनी पुरुषी मानाचे वस्त्र असे सहज उचलले, ही गेल्या दोन-अडीच दशकांतील लक्षणीय घटना. पण तिच्यावर सभा गाजल्या नाहीत.

सत्काराची पगडी स्वस्त असते, हेच तिच्या लोकप्रियतेचे कारण आहे. फुले यांची पगडी घालण्यास काही मिनिटे पुरतात. त्यांनी सुरू केलेले मुलींच्या आणि वंचितांच्या शिक्षणाचे काम पुढे नेण्यास अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. गांधी टोपी घालण्यास एक हात पुरतो. तिच्या मागचा हिशेबी साधेपणा पाळायचा तर सत्कारच कमी करावे लागतील. पगडी कोणाची, हा प्रश्न गैर नाही. ज्यांच्या नावाची चिन्हे दीर्घकाळ व्यासपीठाबाहेर राहिली, ती आत येणे न्याय्यच आहे. पण चिन्ह आत आले आणि माणूस बाहेरच राहिला, तर बदलले ते फक्त कापड.

प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेल्या गोष्टीतला उंदीर टोपी घालून ढोलके वाजवत राजवाड्यासमोर जातो. राजाने टोपी हिसकावली की तो राजाला भिकारी ठरवतो, परत दिली की घाबरट ठरवतो. राजा दोन्हीकडून हरतो, कारण तो टोपीच्या खेळात उतरलेला असतो. महाराष्ट्राच्या राजकारण्यांना ही गोष्ट ठाऊक नसेल असे नाही. प्रश्न एवढाच की, ढोलक्याच्या या आवाजात राज्यकारभाराचा विचार करायला राजाला उसंत कधी मिळणार?