2.1 चा बागुलबुवा

15 ऑगस्ट 2019 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून 'जनसंख्या विस्फोटा'चा इशारा दिला. 1 डिसेंबर 2024 रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी नेमकी उलट चिंता मांडली: जननदर (ढोबळमानाने बाईमागे सरासरी मुले) 2.1 च्या खाली गेला की समाज नष्ट होतो, तेव्हा निदान तीन अपत्ये हवीत. पाच वर्षांत स्फोटाचा लोप झाला! प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर 2.0 भरला, 2015-16 ला तो 2.2 होता. एवढ्याशा फरकावर दोन्ही भाषणे उभी राहत नाहीत.

स्फोटवाल्यांचा हिशेब सोपा: 2001 ला 102 कोटी, 2011 ला 121 कोटी, म्हणजे लोकांना पोरे फार होताहेत. पण लोकसंख्या नुसत्या जन्मांनी वाढत नाही. 2020 च्या नमुना नोंदणीत दर हजारी जन्म 19.5, तर मृत्यू अवघे 6 होते. शिवाय 1971 च्या सुमारास बाईमागे सरासरी पाच मुले होत. त्या भरगच्च पिढ्यांच्या लेकी-नाती आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीने दोनवर थांबायचे ठरवले तरी आयाच इतक्या आहेत, की पाळणे हलतच राहणार.

लोपवाल्यांना 2.1 म्हणजे कडेलोट वाटतो. दोन आईबापांच्या जागी दोन मुले, आणि वरचे दशांश मातृत्वाआधीच दगावणाऱ्या मुलींसाठी व मुलग्यांचे जन्म किंचित जास्त असतात म्हणून. इतकाच त्याचा अर्थ. जपान 1974 च्या सुमारास त्याखाली गेला, तरी तिथली लोकसंख्या 2008 पर्यंत वाढत होती.

त्यातही जननदर ही कुणा बाईच्या मुलांची मोजदाद नव्हे. त्या त्या वर्षी 15 ते 49 वयाच्या बायकांना वयोगटागणिक जी मुले झाली, त्यांचे दर जोडून एका काल्पनिक बाईचे आयुष्य उभे केले जाते. मुलींची लग्ने लांबली तर पुढे तितकीच मुले होऊनही आजचा आकडा घसरतो.

आकडेच खोटे, असे म्हणणाऱ्यांनी नमुना नोंदणीची रीत पाहावी. निवडलेल्या गावात अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतात. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्यांची वही न बघता घरोघर फिरून स्वतःची यादी करतो. मग दोन्ही याद्या ताडतात. न जुळणाऱ्या नोंदीसाठी पुन्हा त्या घराचे दार वाजवले जाते. खरी उणीव वेगळीच आहे: 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे एकूण डोकी किती, हा आकडा 2011 नंतर अंदाजाचाच आहे.

कायद्याचा बडगाही तपासावा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना स्थानिक निवडणूक लढवणे बंद, अशी अट महाराष्ट्राने घातली. राज्याचा जननदर 1998-99 मधल्या 2.5 वरून 2019-21 ला 1.7 वर आला, याचे श्रेय त्या अटीला देण्याची घाई नको. केरळ तसल्या अटीविना 1998-99 मध्येच 2 च्या खाली होता. आंध्र प्रदेशाने तर 2024 मध्ये अशीच अट रद्द केली; तिथे आता काळजी आहे म्हाताऱ्यांच्या वाढत्या संख्येची.