पोस्टमन हवा, कारभारी नको

"आरएसएस? ते तर केव्हाच संपलं!" हे वाक्य हल्ली इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदाचं उत्तर लिहूनच टाकते. (शाखेच्या वादाला सरसावलेल्या मंडळींनी कृपया बसून घ्यावं. विषय संकेतस्थळांच्या फीडचा आहे. :-) )

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या स्थळावर नवं काही आलं की त्याची नोंद तिथल्याच एका साध्या फाइलमध्ये होते. शीर्षक, तारीख, दुवा आणि पुष्कळदा सगळा मजकूर. आपला फीडवाचक ती फाइल अधूनमधून बघून येतो आणि नवं असेल ते आपल्यापुढे ठेवतो. बस्स, एवढंच! १९९९ साली नेटस्केपनं याची सुरुवात केली. २००० साली आलेल्या १.० आवृत्तीच्या कर्त्यांत आरन स्वार्ट्झ हा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. आज जी आवृत्ती सर्रास वापरतात ती २.०, म्हणजे २००२ सालची.

आता मुद्दा. मासिकाची वर्गणी भरली की अंक घरी येतो. पोस्टमन तो वाटेत चाळून "हा अंक तुम्हाला आवडणार नाही, त्याऐवजी या चार जाहिराती घ्या" असं म्हणत नाही. म्हणाला तर आपण पोस्टमास्तरांकडे तक्रार करू. मग सोशल मीडियावर रोज नेमकं हेच चालतं ते आपण मुकाट्यानं का सोसतो? मी ज्यांना अनुसरते त्यांचं लेखन मला दाखवायचं की नाही हे तिसराच कुणी ठरवतो. आणि ठरवतो तो माझ्या भल्यासाठी नाही, मी तिथं जास्त वेळ रेंगाळावं म्हणून.

गंमत म्हणजे शब्दसुद्धा त्यांनीच उचलला! फेसबुकनं २००६ साली 'न्यूज फीड' आणलं आणि २०२२ साली त्यातलं 'न्यूज' काढून नुसतं 'फीड' ठेवलं. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ गुरांचा चारा असाही होतो. त्यांच्या फीडला तोच अर्थ चपखल बसतो, गव्हाणीत पडेल ते खायचं. आपण म्हणतो त्या फीडमध्ये ताट आपण वाढून घेतो. आणि ते ताट संपतं, हे फार महत्त्वाचं. न वाचलेल्यांचा आकडा शून्यावर आला की उठायचं, भाजी निवडायला बसायचं.

यात खरं नुकसान कुणाचं होतंय? हळू लिहिणाऱ्यांचं. माझ्या यादीत एक गृहस्थ आहेत. जुन्या विहिरी आणि बारवांवर लिहितात, वर्षातून फार तर दोनदा. मागे चौदा महिने गप्प होते. पंधराव्या महिन्यात लेख आला तो माझ्याकडे त्याच दिवशी आला. असा माणूस टाइमलाइनच्या हिशेबात मेल्यातच जमा. तिथं रोज बोलणाऱ्याला पान वाढतात आणि विचार करून बोलणाऱ्याला पंगतीतून उठवतात. मग सगळेच रोज बोलू लागतात, आणि काय बोलतात ते आपण बघतोच आहोत.

"पण यंत्राला आपली आवड कळते ना!" असं एक उत्तर येतं. कळत असेलही. पण शाळेत मुलांना आवडेल तेवढंच वाचायला दिलं असतं तर अर्धं पुस्तक बंदच राहिलं असतं. मी निवडलेला लेखक कधी मला न आवडणारं लिहितो, तेही मला वाचायचं असतं. माणूस निवडला की सगळा निवडावा.

राहिला 'संपलं' हा मुद्दा. गूगल रीडर २००५ साली आलं आणि १ जुलै २०१३ ला बंद झालं, हे खरं. फायरफॉक्सनंही २०१८ साली ही सोय काढली. पण एक दुकान बंद पडलं म्हणून धान्य पिकायचं थांबत नाही. फीडली, इनोरीडर चालू आहेत, थंडरबर्डमध्येही फीड वाचता येतं. पॉडकास्ट ऐकणारी भाचेमंडळी नकळत आरएसएसच वापरतात, कारण पॉडकास्टचे नवे भाग याच वाटेनं पोचतात. यूट्यूबच्या वाहिनीलाही फीड असतं. आणि हे सगळं अवघड मुळीच नाही. फीडवाचकात स्थळाचा पत्ता चिकटवला की बहुतेक वेळा तो फीड आपणच शोधून काढतो.

आता लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींशी थोडं भांडण. तुमच्यापैकी काहींनी फीडमध्ये फक्त पहिल्या चार ओळी ठेवल्या आहेत, का तर वाचक स्थळावर यावा, आकडा वाढावा. अहो, पाहुण्याला उंबऱ्यावरच घास दाखवून आत ओढायची ही कसली रीत? वर्डप्रेस असो की ब्लॉगर, सेटिंग्जमध्ये पूर्ण मजकुराचा पर्याय आहे. तो निवडा. आणि फीडचा दुवा दिसेल असा ठेवा.

नातेवाइकांना एकच सांगणं. आवडती दहा स्थळं निवडा, दहाच. महिनाभर ती फीडवाचकातून वाचा. नंतर मला फोन करून खुशाल भांडा.

असो. चूभूद्याघ्या.